पाणी घट्ट करताना

जेवताना लहान मुलाला ठसका लागला की आपल्याकडे घराघरातून एकच आवाज येतो, "वर बघ, वर बघ!" मग पाठीवर थाप, डोक्यावर टपली आणि लगोलग पाण्याचा पेला. कुणीतरी आठवण काढली असणार, हेही ठरलेलं. निरोगी माणसाचा ठसका असल्या उपचारांना न जुमानता आपला आपण थांबतो, आणि श्रेय मात्र उपचाराला मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आल्यामुळे ठसका म्हणजे काय याचा विचार करण्याची वेळ आमच्यावरही कधी आली नव्हती. शाळेत विज्ञानाच्या तासाला फळ्यावर दोन नळ्या काढायच्या, मागची गिजाई नाली, पुढची सांस की नाली, मध्ये एक छोटंसं झाकण, आणि मुलांना सांगायचं की घास गिळताना हे झाकण आपोआप बंद होतं. "आपोआप" या शब्दावर तास संपायचा.

जानेवारी २०२२ मध्ये अब्बांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जवळजवळ बंद झालं. तेव्हा आम्हाला कळलं की त्या "आपोआप"मध्ये किती कामं दडलेली आहेत. ओठ मिटायचे, जिभेने घासाचा गोळा करून मागे ढकलायचा, टाळू वर उचलायची म्हणजे घास नाकात जात नाही, स्वरयंत्र पुढे-वर सरकवायचं, झाकण पाडायचं, तेवढा वेळ श्वास रोखायचा, आणि अन्ननलिकेचं दार उघडायचं. हे सगळं सेकंद-दीड सेकंदात. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला की हा क्रम विस्कटतो. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याचा त्रास होतो, असं डॉक्टर सांगतात. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, घशाचा कर्करोग, आणि कधी कधी नुसतं म्हातारपण, या सगळ्यांच्या वाटेवर हा त्रास उभा असतोच.

रुग्णालयात अब्बांच्या नाकातून नळी घातली होती. सगळे तिला राइल्स ट्यूब म्हणतात, जॉन राइल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरवरून. पण गिळता न येणाऱ्याला नळीने भरवण्याची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. बाराव्या शतकात अंदलूसमध्ये, सेव्हिलला, इब्न जुहर नावाचे हकीम होऊन गेले. ११६२ मध्ये ते वारले. 'अत्-तैसीर' या ग्रंथात त्यांनी अन्नमार्गाच्या लकव्याचं वर्णन केलं आणि चांदीच्या किंवा कथलाच्या नळीतून पातळ आहार पोटापर्यंत पोहोचवण्याचा उपाय सुचवला. युरोपात त्यांना अॅव्हेंझोअर म्हणतात. आपल्या लोकांना इब्न सीना ठाऊक असतात, इब्न जुहर मात्र ठाऊक नसतात. अब्बांच्या पलंगाशेजारी बसून आम्ही त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा ती प्लास्टिकची नळी थोडी आपली वाटली.

तिसऱ्या आठवड्यात नळी काढली आणि सुट्टी मिळाली. कागदावर गोळ्यांची नावं होती. खाण्याबद्दल जाता जाता दोन शब्द सांगितले गेले, "पातळ पातळ द्या." ते सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्या सगळ्यांचाच समज तो आहे. आजारी माणूस म्हणजे यखनी, साबुदाण्याचं पाणी, मोसंबीचा रस, डाळीचं वरचं पाणी. पातळ म्हणजे हलकं, पचायला सोपं. पोटाच्या बाबतीत हे खरं असेल. घशाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. पाणी जिभेवर थांबत नाही, त्याचा गोळा होत नाही, ते पडतं ते थेट मागे. झाकण पडायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर घट्ट खीर अजून जिभेवर असते, आणि पाणी तोवर श्वासनलिकेत उतरलेलं असतं. मान वर केली तर उतार आणखी वाढतो. "वर बघ" हा सल्ला म्हणूनच अशा रुग्णाच्या बाबतीत घातक ठरतो.

हे आम्हाला सांगितलं एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी. त्या मराठी होत्या, अब्बांशी हिंदीत बोलायच्या. बोलणं बिघडलं म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी बोलण्याचं नंतर पाहू म्हणून आधी गिळण्याचं पाहिलं. वाचा-उपचारतज्ज्ञाचं काम तोतरेपणापुरतं असतं असा आपल्याकडे समज आहे, गिळणंही त्यांच्याच शास्त्रात येतं हे फार थोड्यांना माहीत असतं. या शास्त्राचं शिक्षण देणारी एक मोठी राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला आहे, १९८३ मध्ये स्थापन झालेली, आणि तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. ते १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आपल्या मुलामुलींना बारावीनंतर काय करावं असं विचारलं की डी.एड., बी.एड. आणि फार्मसी यांच्या पलीकडे गाडी जात नाही. या शास्त्राचं नाव त्यांच्या कानावर घालायला हवं. उर्दू बोलणाऱ्या रुग्णाला उर्दूत विचारणारा तज्ज्ञ मिळाला तर त्याचं निम्मं भय तिथेच जातं.

बाईंनी अब्बांना आधी चमचाभर पाणी दिलं, गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि नंतर "आऽ" म्हणायला लावलं. आवाज ओला आला, घशात पाणी खळखळावं तसा. ठसका मात्र आला नाही. आम्हाला बरं वाटलं, बाईंना नाही. ठसका ही शरीराची पहारेकऱ्याची हाक आहे, त्या म्हणाल्या. कधी कधी पहारेकरीच झोपलेला असतो. पाणी फुप्फुसाकडे जातं आणि माणूस खोकतसुद्धा नाही. मग दोन-चार दिवसांनी ताप येतो, छाती भरते, आणि घरच्यांना वाटतं की थंडी बाधली. जेवताना किंवा जेवल्यावर आवाज ओला होणं, डोळ्यांत पाणी येणं, जेवायला फार वेळ लागणं, वजन उतरणं, पुन्हा पुन्हा छातीत कफ होणं, या खुणा ठसक्याइतक्याच गंभीर आहेत. घरात कुणी म्हातारं असेल तर वाचकांनी त्या ध्यानात ठेवाव्यात.

घट्टपणा किती हवा, हे मापायला एक साधी युक्ती आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून शून्य ते सात अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे नेहमीचं जेवण. पेय मोजायला १० मिलीची सिरिंज घ्यायची, सुई नको, दट्ट्या काढायचा, खालचं तोंड बोटाने बंद करून १० मिलीपर्यंत पेय भरायचं, बोट सोडायचं आणि १० सेकंद मोजायचे. साधं पाणी वाहून जातं. एक ते चार मिली उरलं तर पहिली पायरी, चार ते आठ उरलं तर दुसरी, आठपेक्षा जास्त उरलं तर तिसरी, आणि थेंबही गळला नाही तर चौथी. सिरिंजही ठरलेल्या लांबीचीच हवी, शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंत ६१.५ मिलिमीटर. अब्बांना दुसरी पायरी सांगितली होती. कोणाला कोणती हे तपासणीवर ठरतं. शेजाऱ्याचा आकडा आपल्या घरी चालत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांना असला प्रयोग मिळाला की हुरूप येतो. आमच्या स्वयंपाकघरात महिनाभर चहा, दूध, रूहअफ्जा, सगळ्यांची परीक्षा झाली.

आणि निकाल चकित करणारे निघाले. कॉर्नफ्लॉअरने घट्ट केलेलं दूध सिरिंजमध्ये पास व्हायचं, पण लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारा रस असतो. तोंडात गेल्यावर आणि उष्टा चमचा वाटीत बुडाल्यावर दूध पुन्हा पातळ व्हायचं. औषधाच्या दुकानात डिंकासारखी पूड मिळते, तिला लाळेने फरक पडत नाही. कुल्फी दिसायला घट्ट, पण जिभेवर तिचं पाणीच होतं. सर्वांत दगाबाज म्हणजे घन आणि पातळ एकत्र असलेले पदार्थ: शोरब्यात भिजवलेली रोटी, शेवयांचं पातळ दूध, सब्जाचा फालुदा. माणूस शेवई चावत असतो तोवर दूध मागे निसटतं. म्हणजे शीरखुर्मा आला. ईदच्या दिवशी अब्बांच्या वाटीत शीरखुर्मा नाही, हे अम्मींना सहन होणारं नव्हतं. त्यांनी खारीक, बदाम, शेवया दुधासकट आटवून मिक्सरमधून काढलं, पुन्हा चाळणीतून गाळलं, आणि चमचा वाकडा केल्यावर एकसंध गोळा सुटून पडेल असं केलं. रंग तोच, वास तोच. अब्बांनी वाटी संपवली.

खिचडा मात्र जणू अशा रुग्णांसाठीच जन्माला आला आहे. गहू, डाळी, गोश्त, सगळं रात्रभर शिजून एकजीव झालेलं. तरी त्यातही दोन काटे आहेत. गोश्ताचे रेषे लांब राहिले तर घशात अडकतात, म्हणून आणखी घोटायचं. आणि फार चिकट झाला तर टाळूला धरून बसतो, म्हणून तूप आणि थोडी यखनी घालून सैल करायचा. सकाळी जवाच्या पिठाचं तल्बीना, दुधात शिजवून, मध घालून. आजाऱ्याला तल्बीना देण्याची सुन्नत पुष्कळांना माहीत आहे, पण आपल्या घरांतून तो नाहीसा झाला होता. आमच्या घरात तो परत आला. मोकळा भात बंद, पाव बंद, चणे-फुटाणे बंद. गोळ्या चुरून खिरीत द्यायच्या, पण आधी औषधवाल्याला विचारून, कारण शरीरात सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या फोडायच्या नसतात.

अब्बांचा स्वतःचा झगडा वेगळाच होता. उजवा हात गेला होता. आयुष्यभर ज्यांनी आम्हाला डाव्या हाताने घास उचलल्याबद्दल दटावलं, त्यांना आता डाव्याने खावं लागणार. पहिले काही दिवस त्यांनी तोंडच उघडलं नाही. आम्ही भरवलं तर मान फिरवायचे. मशिदीचे इमामसाहेब भेटायला आले तेव्हा अम्मींनी दारामागून विचारलं. त्यांनी पलंगाजवळ बसून सावकाश सांगितलं की उज्र असलेल्याला माफी आहे, डावा हात आज तुमचा उजवा आहे. दुसऱ्या दिवशी अब्बांनी जाड दांड्याचा चमचा डाव्या हातात घेतला. स्वतःच्या हाताने खाणारा माणूस जास्त सुरक्षित गिळतो, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं; घास येतोय हे मेंदूला आधी कळतं. आम्हाला भरवावं लागलं तर समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं, उभं राहून नाही. उभं राहून भरवलं की रुग्ण आपसूक मान वर करतो. छोटा चमचा, जीभ किंचित दाबून, आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली आल्याशिवाय दुसरा घास नाही. लकवा झालेल्या गालात अन्न साठून राहतं, ते शेवटी बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढायचं. जेवणानंतर निदान अर्धा तास बसूनच राहायचं. रेलून खाऊ नये, पाणी एका दमात पिऊ नये, हे आदाब आम्ही लहानपणी मार खाऊन शिकलो होतो. बाईंच्या सूचनांच्या कागदावर तेच वाचून अम्मींनी तो कागद कौतुकाने दोनदा वाचायला लावला.

इयादतीला येणाऱ्यांचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं. आजाऱ्याची विचारपूस सवाबाचं काम, आणि रिकाम्या हाताने कोण येतो? कुणी ताजबागहून रेवड्यांचा तबर्रुक आणायचं, कुणी संत्री. नागपुरात संत्र्याला नको म्हणणं म्हणजे भांडणच. पण संत्र्याची फोड चावली की रस सुटतो आणि साल मागे उरते, म्हणजे पुन्हा तेच घन-पातळ. एके दुपारी फुफी आल्या, उमऱ्याहून आणलेलं जमजम घेऊन. आम्ही स्वयंपाकघरात होतो तोवर त्यांनी भावाला मायेने पेला लावला. अब्बा निळेसावळे झाले. पुढे झुकवून, पाठीत थापट्या देऊन श्वास परत आला; चौथ्या दिवशी ताप भरला, आणि प्रतिजैविकांची सुई घ्यायला पुन्हा रुग्णालय. फुफी रडत होत्या. त्यांना काय बोलणार? शिफा व्हावी म्हणूनच त्यांनी ते पाणी एवढ्या लांबून आणलं होतं. त्यानंतर आम्ही पलंगाच्या वर मोठ्या अक्षरांत उर्दूत आणि मराठीत लिहून लावलं: "घट्ट पाणीच द्यावे. आधी घरच्यांना विचारावे." फुफींनीच पुढे कितीतरी पाहुण्यांना त्या कागदाखाली अडवलं.

एप्रिलमध्ये रमजान आला. अब्बांवर रोजा नव्हता, फिदया दिला होता, पण इफ्तारला ते दस्तरखानाजवळ खुर्ची मागायचे. नागपूरचा एप्रिल, दिवसभराची तहान, अजान झाली की सगळ्यांचे हात पेल्याकडे जायचे. अब्बांच्या पेल्यात घट्ट केलेलं पाणी, चकाकणारं, चमच्याने खायचं. त्यांच्याकडे जे मोजके शब्द उरले होते त्यांत एक होता "पानी". ते आमच्या पेल्याकडे बोट करून तो म्हणायचे. ज्या समाजात तहानलेल्याला पाणी पाजण्याइतकं मोठं पुण्य नाही, मोहरमला चौकाचौकात सबील लागते, करबल्याच्या तहानेची आठवण करून माणसं रडतात, त्या घरात बसून बापाला पाणी नाकारायचं. आम्ही एकमेकांकडे न पाहता इफ्तार करत होतो. घट्ट पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही, हे आम्ही स्वतः पिऊन पाहिलं आहे. असे रुग्ण कमी पितात आणि शरीरातलं पाणी घटतं, हा या उपायाचा मोठा दोष तज्ज्ञही मान्य करतात.

वाट निघाली ती बाईंनीच काढली. अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचं शहर आहे, मुहम्मद अली यांचं जन्मगाव. तिथल्या फ्रेझियर पुनर्वसन केंद्राने १९८४ मध्ये एक पद्धत सुरू केली. तिचा विचार असा: स्वच्छ पाण्याचे दोन थेंब फुप्फुसात गेले तर शरीर ते शोषून घेऊ शकतं, घात करतात ते पाण्याबरोबर जाणारे अन्नाचे कण आणि तोंडातले जंतू. म्हणून निवडक रुग्णांना, तोंड पूर्ण स्वच्छ करून, जेवणानंतर अर्ध्या तासाने, बसवून, साधं पाणी थोडं थोडं द्यायचं. जेवताना मात्र नाही, आणि गोळीबरोबरही नाही. (त्याच वर्षी अलींना पार्किन्सनचं निदान झालं, हा योगायोग.) तोंडाच्या स्वच्छतेचं महत्त्व जपानमध्येही दिसून आलं होतं. तिथल्या वृद्धाश्रमांत दररोज नीट दात-तोंड साफ केलेल्या वृद्धांना न्यूमोनिया कमी झाला, हा योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला.

अब्बांची तोंडाची स्वच्छता अशीही पाच वेळची होती. वजूतली कुल्ली त्यांना धोक्याची होती, म्हणून बहुतेकदा तयम्मुम. पण प्रत्येक नमाजाआधी मऊ ब्रश, ओल्या कापडाने हिरड्या, टाळू, गाल पुसणं आम्ही सोडलं नव्हतं. फेरतपासणीत बाईंना ते दिसलं. ऑगस्ट २०२२, मोहरमचे दिवस. खाली गल्लीत सबील लागली होती, पोरं ओरडून शरबत वाटत होती. वर खोलीत अब्बांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, चमचाभर साधं पाणी दिलं. ते बराच वेळ तोंडात धरून बसले. मग घाटी हलली. "आऽ" म्हणाले, आवाज कोरडा. पुढे दिवसाला पाच-सहा वेळा काही चमचे, असं चाललं. दर वेळी ते डाव्या हाताचं बोट वर करून अल्हम्दुलिल्लाहचा इशारा करत.

उन्हाळ्याचा वेगळा ताप सांगितला पाहिजे. मिक्सरमधून काढलेलं अन्न लवकर नासतं, कारण भांडं, पातं, रबरी चकती, चाळणी, इतक्या ठिकाणी त्याचा स्पर्श होतो. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नेहमीचंच. म्हणून थोडं थोडं करायचं, उरलेलं लगेच फ्रीजमध्ये, गरम करताना वाफ निघेपर्यंत, आणि उष्टी वाटी पुन्हा साठवायची नाही. बकरी ईदला कच्च्या गोश्ताची सुरी आणि पाट वेगळे. मिक्सरची रबरी चकती काढून धुवायची, तिच्याखाली जे साचतं ते एकदा बघितलं की सांगावं लागत नाही.

दिवसा आम्ही कामावर असायचो, म्हणून एक मावशी ठेवल्या होत्या, बारा तासांच्या. त्यांनी पाच-सहा घरांत रुग्ण सांभाळले होते, पण गिळण्याबद्दल त्यांना कुठेही, कुणीही एक शब्द शिकवला नव्हता. आडवं झोपवून, तोंडात चमचा कोंबून, पाण्याने उतरवायचं, हीच त्यांना माहीत असलेली पद्धत. आठवड्याभरात त्या आमच्याहून तरबेज झाल्या. अशा बाया शहरात शेकड्यांनी आहेत, आपल्या मोहल्ल्यांतल्याही पुष्कळ. आपल्या अंजुमनी मय्यतीच्या गाड्या चालवतात, कोविडमध्ये त्यांनी ऑक्सिजनचे सिलिंडर घरोघर पोहोचवले, त्याला तोड नाही. दोन दिवसांचं एक शिबिर, एक तज्ज्ञ, दहा चमचे, दहा सिरिंजा, इतकंच लागेल. मय्यतीच्या गाडीइतका खर्च नक्कीच येणार नाही. आणि घराघरांत हे काम सुनांच्याच अंगावर पडतं. आमच्या भाभीने दोन वर्षं एकही जेवण गरम खाल्लं नाही, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

जानेवारी २०२४ मध्ये दुसरा झटका आला. या वेळी अब्बा शुद्धीवर पूर्ण आले नाहीत. घरी आणलं, उशाशी यासीन सुरू झाली. फुफी जमजमची तीच बाटली घेऊन आल्या, झाकण उघडलं आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही कापसाचा बोळा दिला. त्यांनी तो भिजवला, पिळला, आणि भावाचे ओठ ओले केले. मग पुन्हा, मग पुन्हा, पहाटेपर्यंत.

चाळिसाव्यानंतर कपाट आवरताना घट्ट करणाऱ्या पुडीचा एक न उघडलेला डबा निघाला. तारीख शिल्लक होती. मागच्या गल्लीत एका निवृत्त कंपाउंडरना त्याच महिन्यात लकवा झाला होता, त्यांच्या घरी तो नेऊन दिला. सून बाहेर आली, हातात मोसंबीच्या रसाचा पेला होता, डॉक्टरांनी पातळ द्यायला सांगितलंय म्हणाली. आम्ही तिला पेला खाली ठेवायला सांगितलं, आधी तुमच्या अब्बांना ताठ बसवा म्हटलं, आणि घरात १० मिलीची सिरिंज आहे का विचारलं.